अमृत कोकम का फसफसतं आणि पेट्रोलमधलं इथेनॉल कुठून येतं



गेले काही महिने गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. पंपावर 'ई २०' लिहिलेलं असतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते उसापासून नि मक्यापासून करतात, हे आता सगळ्यांनी ऐकलंय. मग कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे मोह आहे, ताड आहे, बाजारात उरलेली फळं आहेत. आंबवायचं कसं तेही आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक. गटानंच इथेनॉल केलं नि पंपाला दिलं तर?" एखादी ताई लगेच मोबाईलवर आलेला यंत्राचा व्हिडिओ काढून दाखवते.

उत्तर आधीच सांगून टाकते: गटाला हे करता येणार नाही. कायद्यानं नाही, आणि हिशोबानंही नाही. पण ते का नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण साखरेतून इथेनॉल करणारा जो जीव आहे, तोच आपलं अमृत कोकम बिघडवतो आणि तोच हातभट्टीच्या पिंपात असतो. त्याची रीत कळली तर गटाचा माल वाचतो. आणि प्रसंग आला तर घरातल्या माणसाचा जीवही वाचू शकतो.

यीस्ट म्हणजे कोण

यीस्ट हा डोळ्यांना न दिसणारा, बुरशीच्या कुळातला एकपेशीय जीव. फळांच्या सालीवर, फुलांच्या रसात, हवेत, आपल्या हातांवर, धुतलेल्या पातेल्याच्या काठावर, सगळीकडे तो असतो. बेकरीवाला पावाच्या पिठात घालतो तेही यीस्टच. पावाला जी जाळी पडते ती त्यानं सोडलेल्या वायूची. (इडलीच्या पिठात मात्र मुख्य काम जीवाणूंचं असतं. दोन्हींना आपण 'आंबलं' म्हणतो, पण आंबवणारे वेगवेगळे.)

यीस्टचं खाणं म्हणजे साखर. भरपूर हवा मिळाली तर तो साखर खाऊन आपली संख्या वाढवतो. हवा कमी पडली, म्हणजे भरलेल्या पिंपात किंवा झाकण लावलेल्या बाटलीत, तर तो त्याच साखरेचे दोन भाग करतो. एक इथेनॉल, म्हणजे मद्यार्क. दुसरा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोड्याच्या बाटलीतला वायू. वजनानं साधारण निम्मं-निम्मं: एक किलो साखरेतून जास्तीत जास्त अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त इथेनॉल निघतं, बाकीचा वायू होतो. मोजमापात सांगायचं तर एक किलो साखरेमागे साधारण दोन तृतीयांश लिटर इथेनॉल. ह्याच्यावर कुठल्याही यंत्राला जाता येत नाही. व्हिडिओतला माणूस काहीही म्हणो.

हे काम यीस्ट नावाचा जिवंत प्राणी करतो, हे लोकांना फार उशिरा कळलं. १८५६ साली फ्रान्समधल्या लील गावी बिटापासून मद्यार्क करणाऱ्या एका कारखानदाराचा माल सारखा बिघडत होता. तो लुई पाश्चर या शास्त्रज्ञाकडे गेला. पाश्चरनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर चांगल्या पिंपात यीस्टचे गोल कण होते आणि बिघडलेल्या पिंपात दुसरेच बारीक काडीसारखे जीव शिरले होते. आपला माल नासतो तेव्हा आपण "हात लागला", "नजर लागली" म्हणतो. हात लागला हे बहुतेक वेळा खरंच असतं!

आगळ टिकतं, अमृत कोकम फुगतं

आता आपल्या कामाचं. एकाच झाडाचं कोकम, एकाच घरात, एकाच मोसमात. आगळ वर्षभर टिकतं आणि अमृत कोकमाच्या काही बाटल्या पावसाळ्यात फुगतात, झाकण उडतं, फेस येतो. असं का?

आगळात मीठ पुष्कळ असतं. एवढ्या मिठात यीस्टच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि त्याला काही करता येत नाही. लोणच्यात कैरीला पाणी सुटतं, तसंच. साखर पुरेशी दाट असली तर तीही हेच काम करते. म्हणून तर बहुतेक जणी कोकमाच्या सालीच्या दुप्पट वजनाची साखर घेतात. ती फक्त गोडीसाठी नसते, ती राखणदार असते.

पण साखर महागली की पहिली काटछाट तिथेच होते. कधी गिऱ्हाईक म्हणतं, "गोड कमी करा, घरात शुगर आहे." मग साखर कमी होते, पाक पातळ राहतो, आणि आता तीच साखर यीस्टचं जेवण होते. म्हणजे दाट साखरेत तो उपाशी मरतो आणि पातळ साखरेत पंगत मांडून बसतो. सिरपसाठी प्रशिक्षणात ६५ ब्रिक्सचा आकडा सांगतात, तो ह्यासाठीच. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम पाकात विरघळलेला ऐवज किती ग्रॅम, आणि त्यात जवळजवळ सगळी साखरच असते. ते मोजायचं छोटं हातातलं यंत्र, रिफ्रॅक्टोमीटर, दर गटानं नाही तरी प्रभागसंघानं एक घेऊन ठेवावं असं माझं मत आहे. अंदाजानं "तार आली" म्हणणं घरच्यापुरतं ठीक. विकायच्या मालाला आकडा हवा.

बाटली फुटते किती सहज, त्याचा हिशोब बघा. एक लिटर सरबतातली फक्त दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर यीस्टनं खाल्ली तरी त्यातून अडीच लिटरपेक्षा जास्त वायू तयार होतो. तो बाटलीच्या मानेतल्या दोन बोटं रिकाम्या जागेत मावणार कसा? काचेची बाटली असेल तर हातात फुटू शकते. फुगलेली बाटली उघडायची वेळ आली तर तोंडापासून लांब धरून, वरून जाड कपडा टाकून, हळूहळू झाकण सोडायचं. आणि असा माल उकळून पुन्हा बाटलीत भरून विकायचा नाही. वायू जाईल, पण चव गेलेली असते, आणि कोणत्या जीवांनी त्यात काय केलंय ते आपल्याला माहीत नसतं. लहान मुलं पितात ते सरबत.

आणखी एक बारीक गोष्ट. पाक बरोबर दाट होता, तरी वरच्या थरात फेस आला, असं काही जणी सांगतात. बाटली धुऊन पूर्ण वाळवली नसेल, किंवा ओला डाव घातला असेल, तर पाण्याचे थेंब वरच तरंगून तिथला पाक पातळ होतो. तेवढा पातळ थर यीस्टला पुरतो. गरम पाक लगेच झाकून ठेवला की झाकणाला जमलेली वाफ थेंबाथेंबानं खाली पडते, तिथेही तेच. स्क्वॅशसारखं कमी साखरेचं सरबत करत असाल तर ते ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवून, गरम निर्जंतुक बाटलीत भरावं लागतं. त्या उष्णतेत यीस्ट मरतो. सोडियम बेंझोएट घालायचं तर प्रशिक्षणात लिहून दिलेल्या मापानंच, वजनकाट्यावर मोजून. चिमटीनं नाही.

नीरेची ताडी होते, पण ताडीची दारू आपोआप होत नाही

पहाटे झाडावरून उतरवलेली नीरा गोड असते. मडक्याला आतून चुना लावलेला असतो, तो यीस्टला रोखून धरतो. ऊन चढलं, चुना नसला, की तीच नीरा दुपारपर्यंत फेसाळून ताडी होते. कुणी काही मिसळलेलं नसतं. झाडाची साखर आणि मडक्यातलं यीस्ट, एवढंच.

पण यीस्टला स्वतःचंच केलेलं इथेनॉल सोसत नाही. शंभरात दहा-बारा, फार तर पंधराच्या आसपास पोचलं की तो थकतो नि मरतो. म्हणून नुसतं आंबवून कधीच कडक दारू होत नाही, मग इंधन तर लांबच. पुढचं काम आगीचं. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. तापवलं की वाफेत इथेनॉल जास्त येतं, ती वाफ थंड केली की कडक द्रव मिळतो. ह्यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात, आणि भट्टी ती हीच.

हा धंदा आपल्या दारातच एकेकाळी फार मोठा होता. एकोणिसाव्या शतकात उरणच्या मोहाच्या भट्ट्या प्रसिद्ध होत्या, तिथून मुंबईला दारू जायची. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखर असते, म्हणून मोहाला एवढी किंमत. इंग्रज सरकारला त्या दारूवरचा कर हवा होता. १८७८ चा अबकारी कायदा आला, गावोगावच्या छोट्या भट्ट्या गुन्हा ठरल्या. तेवढ्यानं भागेना म्हणून १८९२ मध्ये मोहाचाच कायदा केला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आपल्या भागात, फुलं गोळा करण्यावरच बंदी आली. कुलाबा म्हणजे आजचं रायगड. कातकरी, ठाकूर लोकांच्या घरात मोह भुकेच्या दिवसांत खायलाही असायचा, ह्याचा विचार कुणी केला नाही.

हातभट्टी आणि मिथेनॉल

इथे थोडं थांबून सांगते, कारण हा भाग घराघरातला आहे.

हातभट्टीच्या पिंपातल्या आंबवलेल्या पाण्याला पोलीस नि अबकारीवाले 'रसायन' म्हणतात. गूळ आणि पाणी यीस्टनं आंबवलेलं असतं ते. त्यात नवसागर नि आणखी काय काय घाण टाकतात, भांडी गंजकी असतात. त्यानं लिवर, पोट, सगळं हळूहळू बरबाद होतं. पण एका रात्रीत पन्नास-शंभर माणसं मरतात तेव्हा कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. ते म्हणजे मिथेनॉल.

मिथेनॉल हे इथेनॉलचं सख्खं भावंड वाटावं इतकं सारखं दिसतं. रंग नाही, वास जवळपास तसाच, नशाही तशीच. पण ते गुळाच्या पिंपात यीस्ट तयार करत नाही (फळांच्या सालीतून अगदी थोडं येतं तेवढंच). ते कारखान्यात वापरायचं रसायन आहे. कुठून तरी चोरून आणतात, पाणी घालतात, नि पिशवीत भरून दारू म्हणून विकतात. भट्टी लावायचा खर्चही वाचतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत हेच झालं. शंभरापेक्षा जास्त माणसं गेली, त्यातले पुष्कळ हातावर पोट असलेले.

शरीरात काय होतं ते समजून घ्या. आपलं लिवर मिथेनॉलचं रूपांतर फॉर्मिक ॲसिडमध्ये करतं. मुंगी चावल्यावर आग होते ते हेच ॲसिड. ते डोळ्यांच्या नसेवर आणि मेंदूवर हल्ला करतं. आणि हे रूपांतर सावकाश होतं. म्हणून पिणारा माणूस रात्री नेहमीसारखा झोपतो, सकाळी उठून चहाही घेतो, आणि १२ ते २४ तासांनी त्रास सुरू होतो. मिथेनॉलबरोबर साधी दारूही पोटात गेली असेल तर आणखी उशिरा, कारण लिवर आधी तिच्या मागे लागतं.

नजर धूसर होणं, समोर धुकं किंवा पांढरे ठिपके दिसणं, पोटात जोराची कळ, उलट्या, डोकं प्रचंड दुखणं, धाप लागणं. यातलं काहीही दिसलं तर "उतरेल थोड्या वेळानं, झोपू दे" म्हणून थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, दवाखान्यात न्या. डॉक्टरला खरं सांगा: काय प्यायला, कधी प्यायला, कुठून आणलं. पिशवी किंवा बाटली उरली असेल तर ती सोबत न्या. आणि त्याच्याबरोबर आणखी कोण कोण बसले होते ते सांगा. ज्यांना अजून काही होत नाही त्यांनाही न्यायचं. वेळेत पोचलं तर औषध आहे, डायलिसिस आहे, माणूस वाचतो आणि डोळेही वाचू शकतात. पोलीस केस होईल, लोक काय म्हणतील, ह्या भीतीनं दहा-बारा तास घरात ठेवलेले रुग्ण हातचे जातात.

काही लोक म्हणतात, ह्यावर आणखी दारू पाजली की उतार पडतो. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर कधी कधी मोजून इथेनॉल देतात, त्यावरून ही समजूत पसरली आहे. घरी हे करायचं नाही. आणि वास घेऊन, चव बघून, काडी लावून ज्योतीचा रंग बघून मिथेनॉल ओळखता येतं, असंही कुणी सांगेल. त्यावर भरवसा ठेवू नका.

मग पेट्रोलमधलं इथेनॉल कसं होतं

साखर कारखान्यात उसाचा रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केले की मागे काळी, चिकट मळी उरते. तिच्यात पुष्कळ साखर असते, पण तिचे दाणे पाडणं परवडत नाही. ती मळी, किंवा काही कारखान्यांत थेट उसाचा रस, लाखो लिटरच्या टाक्यांमध्ये निवडक यीस्ट घालून आंबवतात. थेट रसापासून केलं तर एक टन उसातून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळतं. म्हणजे एका लिटरला १४ किलोच्या आसपास ऊस.

मका किंवा तांदूळ वापरायचा तर आणखी एक पायरी लागते. यीस्टला पिठूळ पदार्थ खाता येत नाहीत, आधी त्यांची साखर व्हावी लागते. नाचणीला मोड आणले की ती गोडसर लागते ना, तीच ही क्रिया. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचा कारखाना आहे. बिअरसाठी जव वापरतात, त्यालाही आधी असेच मोड आणतात. इथेनॉलच्या कारखान्यात मोड न आणता तयार एन्झाइम घालून हे काम काही तासांत उरकतात.

आता गटाला का जमणार नाही ते बघा. भट्टी कितीही चांगली लावली तरी उकळून उकळून इथेनॉल ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. तिथे पाणी आणि इथेनॉल एकत्रच वाफ होतात. पेट्रोलला तर साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वरचं, जवळजवळ कोरडं इथेनॉल लागतं. उरलेलं पाणी काढायला अतिसूक्ष्म भोकांच्या खड्यांनी भरलेले मोठे खांब लागतात. ते पाणी शोषतात, इथेनॉल जाऊ देतात. आणि एक लिटर इथेनॉलमागे साधारण ८ ते १५ लिटर तपकिरी, वास मारणारं सांडपाणी उरतं. ते ओढ्यात सोडलं तर मासे मरतील, विहिरीत उतरलं तर अख्खी वाडी तहानलेली राहील. शिवाय तेल कंपन्या निविदा काढून मोठ्या प्रमाणावर खरेदी करतात, कॅनवर नाही. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय मद्यार्क गाळणं हा गुन्हा आहे, इंधनासाठी म्हणून केलं तरी. त्यामुळे कुणी गटाला यंत्र विकायला आलं, "अनुदान मिळेल, कर्ज काढा" म्हणालं, तर त्याला आधी परवान्याचा कागद मागा.

ह्या धोरणाचा आपल्याशी संबंध मात्र आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई २० पेट्रोल बाजारात आलं. त्याच वर्षी उसाचं पीक कमी येणार असं दिसल्यावर डिसेंबरात सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, आणि कारखाने मक्याकडे जास्त वळले. पुढच्या वर्षी ते निर्बंध उठले, पण मका काही मागे हटला नाही. ज्या ताई कोंबड्या पाळतात त्यांनी खाद्याचं पोतं घेताना मक्याच्या भावाकडे लक्ष ठेवावं. आता त्याच मक्याला दुसरंही गिऱ्हाईक आहे.

ज्यांच्या घरी स्कूटर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ताकद असते, म्हणून ई २० वर गाडी थोडं कमी ॲव्हरेज देते. जुनी गाडी असेल तर तिच्या पुस्तकात ई १० की ई २० ते बघा नि मेकॅनिकला रबरी नळ्या तपासायला सांगा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट बसतंय ना ते बघा. घरात कॅन भरून ठेवू नका.

मोहाचं काय करायचं

फुलं मात्र आपल्या हातात आहेत. मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहतूक करणं ह्यावरचे निर्बंध राज्य सरकारनं २०२१ मध्ये शिथिल केले. मोहाचे लाडू, मनुक्यासारखी वाळवलेली फुलं, पीठ, हे गटाला विकता येण्यासारखं आहे. खाद्यपदार्थाची नोंदणी करून घ्या, आणि किती माल ठेवता येतो ते वन विभागाकडे एकदा विचारून घ्या.

फुलं मातीत पडू देण्यापेक्षा झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरून गोळा करावीत. धुऊन, पातळ थर पसरून, कडक उन्हात वाळवावीत. मूठभर फुलं दाबली आणि गोळा झाला तर अजून ओल आहे. एकेक फूल सुटं राहिलं तर झालं. मग हवाबंद डब्यात भरून कोरड्या जागी ठेवा, आणि आषाढ-श्रावणात दर आठ-पंधरा दिवसांनी डबा उघडून वास घ्या. आंबूस, ताडीसारखा वास आला तर ओल शिरून यीस्टनं काम सुरू केलंय. तो डबा बाजूला काढा, त्यातली फुलं लाडवात घालू नका.